‘होणार’, ‘होत आहे’, ‘झाले’ : तालुक्याची विकासवार्ता कशी वाचावी आणि कशी लिहावी

मराठीच्या वर्गात आपण कथा, कविता, निबंध, पत्रलेखन शिकवतो. वरच्या इयत्तांत उपयोजित लेखन म्हणून बातमीही शिकवतो. पण नमुन्याची बातमी बहुधा स्नेहसंमेलनाची, वृक्षारोपणाची किंवा वक्तृत्वस्पर्धेची असते. विद्यार्थ्याच्या घरी ज्या बातमीवर खरोखर चर्चा होते ती वेगळीच असते. कारखान्याचे गाळप यंदा होणार का, खाणीचा लिलाव झाला का, औद्योगिक वसाहतीसाठी कोणाच्या जमिनी जाणार, कालव्याचे पाणी कुठपर्यंत येणार, अशा विषयांची ती बातमी असते. तिला मी या लेखापुरते ‘विकासवार्ता’ असे नाव देतो. तिचे वाचन आणि लेखन हा भाषेच्या अध्यापनाचाच भाग आहे, हे मला येथे मांडायचे आहे.

शेतीव्यवहाराची बातमी मराठीला नवी नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ वर्षानुवर्षे चालवले. महाराष्ट्राच्या सीमेबाहेरही ही परंपरा आहे. बेळगावात ‘तरुण भारत’ १९१९ पासून आहे. गोव्यात मुक्तीनंतर लगेच १९६२ साली ‘गोमन्तक’ आणि १९७० साली ‘नवप्रभा’ सुरू झाले. मराठी शाळा कमी होत गेल्या तरी मराठी दैनिक घरात येत राहिले, हा आपल्याकडच्या अनेक गावांचा अनुभव आहे.

याच कारणाने आपल्या भागात विकासवार्तेवर जास्त भार पडतो. महाराष्ट्रातील वाचकाला शंका आली तर मूळ शासननिर्णय मराठीतच मिळतो. बेळगाव-खानापूरच्या वाचकासमोर मूळ आदेश कन्नडमध्ये असतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीच्या शासकीय वापराला वाव दिला असला तरी निविदा, करारपत्रे व न्यायालयीन निकाल इंग्रजीत असतात. म्हणजे मराठी बातमी हीच पुष्कळदा त्या आदेशाची एकमेव मराठी आवृत्ती असते. मुळातील ‘तत्त्वतः’, ‘अमुक अटीस अधीन राहून’, ‘प्रस्तावित’ हे शब्द भाषांतर करताना गळले, तर वाचकाला ते परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. तो बातमी वाचतो आणि त्यावर विसंबून लागण करतो, कर्ज काढतो किंवा जमीन विकतो.

१. क्रियापदाची शिडी

विकासवार्तेचा अर्थ बहुतांशी क्रियापदात आणि काही ठरावीक नामांत असतो. ही नामे एका शिडीच्या पायऱ्यांसारखी आहेत. पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळाचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्याची प्रत्येक पायरी सार्वजनिक नोंदीत आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने मोपा प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली ती मार्च २००० मध्ये. पर्यावरणीय परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१५ मध्ये. पायाभरणी झाली नोव्हेंबर २०१६ मध्ये, पंतप्रधानांच्या हस्ते. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणीय परवानगी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले. प्रवासी विमाने सुरू झाली ५ जानेवारी २०२३ रोजी.

तत्त्वतः मंजुरीपासून पहिल्या प्रवासी विमानापर्यंत जवळजवळ २३ वर्षे गेली. २००० साली पहिलीत बसलेले मूल या काळात तिशीला टेकले. या प्रत्येक टप्प्यावर ‘मोपा विमानतळ होणार’ असे लिहिता आले असते आणि प्रत्येक वेळी ते वाक्य व्याकरणाने शुद्धच ठरले असते. पण २००० सालचे ‘होणार’ आणि २०२२ च्या नोव्हेंबरातले ‘होणार’ यांचा अर्थ एक नाही. पहिल्यावर विसंबून कोणी टॅक्सीसाठी कर्ज घेतले असते तर त्याची गाडी विमान येण्याआधीच भंगारात गेली असती. दुसऱ्यावर विसंबून घेतले असते तर व्यवहार शहाणपणाचा ठरला असता.

येथे मराठीच्या एका लकबीकडे लक्ष दिले पाहिजे. ‘होईल’ आणि ‘होणार’ ही दोन्ही रूपे भविष्याचीच. पण ‘पाऊस पडेल’ यात अंदाज आहे, ‘पाऊस पडणार’ यात खात्री आहे. ‘मी उद्या येईन’ यात आश्वासन आहे, ‘मी उद्या येणार आहे’ यात ठरलेला बेत आहे. विकासवार्ता जवळजवळ सगळी ‘-णार’ या रूपात लिहिली जाते. मूळ टिपणीत ‘प्रस्तावित’ असलेली गोष्ट मराठीत ‘उभारण्यात येणार आहे’ झाली, की प्रस्तावाचा निर्णय होतो. अधिकाऱ्याने केलेला नसतो, मंत्र्याने केलेला नसतो. तो एका प्रत्ययाने केलेला असतो. ‘उभारण्याचा प्रस्ताव आहे’ असे लिहायला जागा काही फारशी जास्त लागत नाही.

सार्वजनिक बांधकामाच्या बातमीतही अशीच शिडी असते : अंदाजपत्रकातील तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, देयक. ‘रस्त्यासाठी पाच कोटी मंजूर’ या मथळ्यातील ‘मंजूर’ हा शब्द यांपैकी पहिल्या तीन पायऱ्यांवर कुठेही वापरला जातो. तरतूद झाली म्हणजे पैसे आले असे नव्हे. कार्यादेश निघाला म्हणजे खडी पडली असे नव्हे. विद्यार्थ्यांना हा क्रम फळ्यावर लिहून दिला, तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकात न मिळणारी समज त्यांना मिळते.

२. कर्ता कुठे गेला?

नमुन्यासाठी मी रचलेले एक वाक्य घेऊ : ‘तालुक्यात अद्ययावत शीतगृह उभारण्यात येणार असून त्यामुळे शेकडो तरुणांना रोजगार उपलब्ध होणार आहे.’ असे वाक्य प्रत्येकाने वाचलेले असते. आता विचारू : उभारणार कोण? कोणाच्या पैशाने? कोणत्या जागेवर? कधीपर्यंत? शेकडो म्हणजे दोनशे की नऊशे? वाक्यात यांपैकी एकाचेही उत्तर नाही, आणि तरी वाक्य पूर्ण वाटते.

ही किमया ‘-ण्यात येणे’ या प्रयोगाची आहे. हा प्रयोग वाईट नाही. कर्ता सर्वांना ठाऊक असेल किंवा महत्त्वाचा नसेल, तेथे तो उपयोगी पडतो. ‘सभेत ठराव संमत करण्यात आला’ यात काही लपत नाही, कारण ठराव सभाच संमत करते. पण विकासवार्तेत कर्ता हाच बातमीचा गाभा असतो. तेच शीतगृह सरकार बांधणार असेल तर पुढच्या अंदाजपत्रकाकडे पाहावे लागते. खासगी कंपनी बांधणार असेल तर तिच्या भांडवलाकडे. सहकारी संस्था बांधणार असेल तर सभासदांच्या भागभांडवलाकडे, म्हणजे कदाचित वाचकाच्याच खिशाकडे.

कर्ता परत आणून तेच वाक्य असे लिहिता येईल : ‘तालुक्यात शीतगृह बांधण्याचा प्रस्ताव कृषी खात्याने तयार केला आहे. जागा ठरलेली नाही. वित्त खात्याची मान्यता बाकी आहे. किती जणांना काम मिळेल, हे अधिकाऱ्यांनी सांगितले नाही.’ वाक्ये चार झाली, उत्साह कमी झाला, पण माहिती वाढली. शेवटचे वाक्य मला विशेष महत्त्वाचे वाटते. न मिळालेले उत्तर हीसुद्धा माहिती आहे, आणि ते लिहायला मराठीत काही अडचण नाही.

३. ‘मार्ग मोकळा’ झाल्यानंतर

मथळ्यांची म्हणून एक वेगळी परिभाषा आहे : मार्ग मोकळा, चालना, गती, हिरवा कंदील, सुगीचे दिवस. यांतील बहुतेक शब्द प्रवासाचे आहेत, आणि प्रवास सुरू झाला म्हणजे मुक्काम आलाच, असा समज ते करून देतात.

गोव्याच्या खाणपट्ट्यात या परिभाषेची किंमत लोकांनी मोजली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, पण वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आणि इतर अटी घालून. त्या दिवशी ‘मार्ग मोकळा’ हे शब्द चुकीचे नव्हते. मात्र प्रत्यक्ष उत्खनन सुरू व्हायला २०१५ साल उजाडले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्याला काम पुन्हा थांबले. त्यानंतर नव्याने लिलाव करण्याचा मार्ग धरला गेला.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील ट्रकमालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहू. त्याला कळायला हवे होते ते एवढेच : हप्ते भरत गाडी ठेवायची की विकायची? ‘खाणी सुरू’ या दोन शब्दांवर हा निर्णय होत नाही. बंदी उठली म्हणजे परवाने मिळाले असे नाही. परवाने मिळाले म्हणजे खनिज निघाले असे नाही. मर्यादा दोन कोटी टन असेल तर पूर्वीइतक्या ट्रकांना खेपा मिळतीलच असे नाही. ही तीन ‘नाही’ बातमीत असतील तर वाचक हिशेब करू शकतो. ती नसतील तर तो आशेवर चालतो.

४. ‘यंदा’ या शब्दाचे वजन

कधी कधी सगळा अर्थ एका लहानशा क्रियाविशेषणात असतो. धारबांदोडा येथील संजीवनी सहकारी साखर कारखाना हा गोव्यातील एकमेव साखर कारखाना. २०१९-२० च्या हंगामापासून तेथील गाळप बंद आहे. अशा कारखान्याविषयी ‘यंदा गाळप होणार नाही’ असे वाक्य लिहिले, तर ते खरेच असते. पण ‘यंदा’ म्हटले की ‘पुढच्या वर्षी होईल’ असा ध्वनी मराठी कानाला आपोआप ऐकू येतो. ‘यंदा आंबा आला नाही’ असे आपण त्याच झाडाबद्दल म्हणतो, जे पुढच्या वर्षी फळणार आहे.

उसाच्या बाबतीत हा ध्वनी महाग पडतो. ऊस हे एका हंगामाचे पीक नव्हे. लागण केली की पहिले पीक तयार व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागते, आणि नंतर त्याच बुडख्यांवर खोडवा घेतला जातो. बेण्याचा आणि मशागतीचा खर्च दोन-तीन तोडण्यांत भरून निघेल, असा शेतकऱ्याचा हिशेब असतो. त्याला कळायला हवे ते पुढच्या तीन वर्षांचे, आणि ‘यंदा’ हा शब्द सांगतो एका वर्षाचे. ‘गाळप बंद आहे, पुन्हा कधी सुरू होणार याची तारीख सरकारने दिलेली नाही’ हे वाक्य कोरडे आहे, पण त्यावर लागणीचा निर्णय घेता येतो. ‘तात्पुरते’, ‘लवकरच’, ‘येत्या काळात’, ‘टप्प्याटप्प्याने’ हे याच जातीचे शब्द. यांच्या जागी तारीख टाका. तारीख नसेल तर तारीख नाही असे लिहा.

बेळगाव जिल्ह्यात कारखाने अनेक आहेत आणि तेथे उसाच्या हंगामाची बातमी जणू पंचांगाप्रमाणे येते : रोलर पूजन, बॉयलर अग्निप्रदीपन, मोळी पूजन, साखर पोत्यांचे पूजन, पहिला हप्ता. या शब्दांत एक आपलेपणा आहे आणि ते टिकावेत असे मला वाटते. फक्त विद्यार्थ्याला हे कळावे की बॉयलर पेटला म्हणजे गाळप सुरू झाले असे नाही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली मोठी बातमी एकच, ती म्हणजे शेवटची.

५. आकड्यामागचे वाक्य

‘उसाला ३४०० रुपये दर’ हा मथळा घेऊ. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, क्विंटलला ३४० रुपये होता. टनाला ते ३४०० रुपये झाले. मथळ्यातला आकडा बरोबर आहे. पण तो १०.२५ टक्के उताऱ्यासाठी होता. उतारा म्हणजे गाळलेल्या उसातून किती टक्के साखर निघाली ते प्रमाण. उतारा ०.१ टक्क्याने वाढला तर क्विंटलला ३ रुपये ३२ पैसे अधिक, तितकाच घटला तर तितके कमी, आणि ९.५ टक्के किंवा त्याखाली उतारा असेल तर ३१५ रुपये १० पैसे, असा तो निर्णय होता.

हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. ९.५ टक्के उताऱ्याच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्याचा दर टनाला ३१५१ रुपये होतो. मथळ्यापेक्षा तो २४९ रुपयांनी कमी आहे. वीस टनांना हा फरक ४९८० रुपयांचा. शिवाय एफआरपी हा कारखान्याच्या दारातला दर असतो. तोडणी व वाहतूक कारखान्याने केली तर तो खर्च त्यातून वजा होतो. मग ‘कारखान्याने फसवले’ अशी तक्रार गावात उठते. कधी ती खरी असते, कधी नसते. पण मथळ्यात ‘१०.२५ टक्के उताऱ्याला’ एवढे शब्द असते, तर निदान भांडण कशावर आहे ते दोन्ही बाजूंना कळले असते.

त्याच बातमीत आणखी एक उपयोगी वाक्य बसू शकते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. ‘थकीत बिले लवकरच देऊ, असे आश्वासन अध्यक्षांनी दिले’ या बातमीत हे एक वाक्य घातले, की आश्वासनाचा अर्थ बदलतो. उपकार वाटणारी गोष्ट देणे वाटू लागते.

गुंतवणुकीच्या बातमीत ‘सामंजस्य करार’ आणि ‘करार’ यांची गल्लत अशीच होते. सामंजस्य करार बहुधा इच्छा नोंदवतो. तो मोडला म्हणून सहसा कोणी न्यायालयात जात नाही. ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष रोजगार’ या जोडशब्दात प्रत्यक्ष किती आणि अप्रत्यक्ष किती हे वेगळे दिले नसेल, तर एकत्र आकड्याचा नोकरी शोधणाऱ्याला काही उपयोग नाही. अप्रत्यक्ष रोजगारासाठी अर्ज करता येत नाही.

६. वर्गासाठी पाठ

हा विषय नववीपासून पुढे दोन तासिकांत घेता येतो. अध्यापकांनी आपल्या तालुक्याच्या पानावरील एक विकासवार्ता आणावी. बातमीदाराचे व दैनिकाचे नाव झाकावे, कारण आपल्याला कोणाचे दोष काढायचे नाहीत. पहिल्या तासिकेत विद्यार्थ्यांनी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे केवळ बातमीच्या आधारे शोधावीत.

१. काम करणार कोण? वाक्यात कर्ता आहे का?
२. पैसा कोणाचा, आणि तो कोणत्या पायरीवर आहे : तरतूद, मान्यता, निविदा की कार्यादेश?
३. तारीख आहे का? तारखेच्या जागी कोणता शब्द आहे?
४. कोणती अट आहे? ‘तत्त्वतः’, ‘अधीन राहून’, ‘प्रस्तावित’ यांपैकी काही दिसते का?
५. हे कोणी सांगितले, आणि ज्याची जमीन, ऊस किंवा नोकरी यात आहे त्याचे म्हणणे आले आहे का?

दुसऱ्या तासिकेत तीच बातमी कर्तरी प्रयोगात पुन्हा लिहावी. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तेथे ‘ही माहिती मिळाली नाही’ असे स्पष्ट वाक्य घालावे. मग दोन्ही बातम्या घरी नेऊन वडीलधाऱ्यांना वाचून दाखवाव्यात आणि ‘यावरून तुम्ही काय ठरवाल?’ असे विचारावे. मिळालेली उत्तरे वर्गात सांगावीत. ज्यांच्या घरी ऊस आहे, खाणीवरचा ट्रक आहे किंवा संपादनात गेलेली जमीन आहे, ती मुले या पाठात इतरांना शिकवतील. ‘खोडवा’, ‘उतारा’, ‘खेप’ हे शब्द त्यांच्याकडून वर्गाला मिळतील. निबंधात मागे पडणारा विद्यार्थी येथे पुढे येण्याची शक्यता मोठी आहे.

७. लिहिणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी अनेक जण तालुक्याच्या ठिकाणाहून वार्तांकन करतात. बरेचसे नोकरी किंवा शेती सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर. प्रत्येक बातमीचा पाठपुरावा त्यांनी करावा, अशी अपेक्षा मी करणार नाही. एकच लहान सवय सुचवतो. विकासवार्तेच्या शेवटी ‘याआधी’ अशी सुरुवात करून एक वाक्य लिहावे : याआधी या कामाची घोषणा केव्हा झाली होती, तेव्हा कोणती मुदत दिली होती. हे वाक्य कोणावर टीका करत नाही. मंत्री कोणत्या पक्षाचे आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. काम खरोखर पुढे सरकले असेल तर ते याच वाक्यामुळे दिसते, आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याचा फायदाच होतो.

सीमेपलीकडच्या मराठीविषयी आपण बोलतो तेव्हा शाळा, फलक, संमेलन आणि ठराव यांविषयी बोलतो. ते आवश्यकच आहे. पण एखादी भाषा लोकांच्या उपयोगाची राहते ती त्या भाषेत पैशाचे, पाण्याचे आणि जमिनीचे नेमके बोलता येते तोवर. कारखान्याचा दर कळण्यासाठी वाचकाला दुसऱ्या भाषेचे पान उघडावे लागले, तर मराठी दैनिक त्याच्यासाठी वाढदिवसाच्या आणि निधनाच्या बातम्यांपुरते उरेल. ‘प्रस्ताव आहे’, ‘मान्यता बाकी आहे’, ‘तारीख दिलेली नाही’ ही साधी वाक्ये आपल्या मराठीत आहेत. ती वापरायला मुलांना शिकवणे, हे आपले काम आहे.